घाटाखालचं कुत्रं

पिल्लू पसंत करायचं तर आधी त्याची नखं मोजायची, हा महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांचा जुना रिवाज. कुत्र्याच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, अशी एरवी अठरा नखं असतात. एखाद्या पिल्लाच्या मागच्या पायांना आतल्या बाजूने, जरा वर, आणखी एकेक नख लोंबत असलं की ते वीसनखी. ते धीट निघणार, राखणीला पक्कं ठरणार, वाघाच्या अंगावर जायला कचरणार नाही, असा समज. मग मानगुटीला धरून पिल्लू वर उचलायचं. केकाटलं तर परत आईपाशी ठेवायचं, आणि गप्प राहून टकामका बघत बसलं तर घरी न्यायचं.

वाढीव नखाचा आणि धिटाईचा काही संबंध नाही. जनुकातल्या एका बदलाने ते नख उगवतं, एवढंच. तरी गंमत अशी की फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज पर्वतात मेंढ्या राखणारा जो मोठा पांढरा कुत्रा आहे, त्याच्या मागच्या पायांना दुहेरी वाढीव नख असलंच पाहिजे, असं त्या जातीच्या अधिकृत मानकात लिहिलेलं आहे. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन डोंगराळ मुलखांनी एकच खूण धरली. दोघांची गरजही एकच होती. रात्री जागणारा, जनावर आलं तर मागे न हटणारा, आणि चुकूनही आपल्याच मेंढीला तोंड न लावणारा कुत्रा त्यांना हवा होता. नखं हा नुसता ठोकताळा. पिल्लू बघणाऱ्याच्या मनात कामाची यादी मात्र पक्की असायची.

कर्जत आणि खालापूर या रायगडच्या आतल्या दोन तालुक्यांत कुत्रा निवडण्याची रीत गेल्या पावणेदोनशे वर्षांत कशी बदलत गेली, हे बघणं आज फार गरजेचं आहे. कारण याच पट्ट्यात आता शनिवार-रविवारचे बंगले उभे राहिलेत आणि त्यांच्या फाटकांआड सायबेरियाचे, आल्प्सचे, जर्मनीचे कुत्रे मे महिन्याच्या उन्हात धापा टाकत पडलेले दिसतात.

सुरुवात धनगरांपासून करायला हवी. दिवाळी झाली, भात कापून झालं की देशावरचे मेंढपाळ घाट उतरून कोकणात येतात आणि पावसाच्या आधी परत वर जातात. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीसारख्या गावांतून हे धनगर पिढ्यान् पिढ्या खाली उतरत आलेत. पाठीवर बिऱ्हाड लादलेली घोडी पुढे, मेंढरं मधे आणि कडेकडेने कुत्री, असा तो वाडा चालतो. रिकाम्या भातखाचरात रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंडीमुताचं खत शेतकऱ्याला मिळायचं आणि धनगराला त्याच्या बदल्यात धान्य किंवा पैसे. मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, ठोकलं जातं. वाघराच्या बाहेर कुत्री असतात. भाकरी आणि थोडं दूधताक एवढ्यावर वाढलेली ही कुत्री अंगाने फार मोठी नसतात, पण झोप त्यांची सावध. देशावर त्यांची गाठ लांडग्याशी, खाली उतरल्यावर बिबट्याशी.

भोर घाटाशी धनगरांचं नातं तर थेट देवळापर्यंत पोचलेलं आहे. खोपोलीहून घाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटातून वर जायची वाट सापडत नव्हती, ती एका धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितल्यावर त्याला गोळी घातली गेली, अशी आख्यायिका आहे. कागदोपत्री पुराव्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी घाटाच्या वाटा आधी मेंढरांनी आणि त्यांच्या मागच्या कुत्र्यांनी मळल्या होत्या, ही गोष्ट लोकांनी देवळाच्या रूपाने जपली आहे.

घाटाखाली कायम राहणारी माणसं वेगळी. ठाकर आणि कातकरी यांच्या वाड्या माथेरानच्या, ढाकच्या उतारांवर आजही आहेत. डॉ. जॉन यंग स्मिथ यांनी १८७१ मध्ये माथेरानच्या डोंगरावर, तिथल्या लोकांवर, वनस्पतींवर आणि प्राण्यांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा डोंगराची माणसं म्हणून धनगर, ठाकर आणि कातकरी यांचीच नावं होती. ठाकर उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी घेत. कातकरी काथ पाडत, कोळसा पाडत, मजुरीला जात आणि जोडीला शिकार करत. या घरांत कुत्र्याला एकच एक काम नसायचं. पीक उभं असेल तेव्हा रानडुक्कर आणि माकडं हाकायची, माळ्यावर राखणीला बसलेल्या माणसाला सोबत करायची, रानात गेलं की ससा किंवा घोरपड उठवायची, रात्री कोंबड्या आणि शेरडं सांभाळायची. वाडी उठून वीटभट्टीवर गेली तर तिथंही मागोमाग जायचं.

असल्या जगण्याला जो कुत्रा लागतो तो मध्यम अंगाचा, आखूड केसांचा, उभ्या कानांचा असतो. तो थोडक्यात भागवतो आणि बिबट्याची चाहूल लागली तर शौर्य न दाखवता घराच्या दाराशी येऊन भुंकतो. हे शेवटचं लक्षण शहरी माणसाला भित्रेपणाचं वाटेल. पण बिबट्याच्या मुलखात पुढे धावणाऱ्या कुत्र्याची पिल्लावळ उरत नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्याच्या परिसरात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्याच्या आहारात वजनाच्या हिशोबाने पाळीव कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला, शेळ्यांचा ११ टक्के. अकोल्याची ऊसशेती आणि कर्जतचं रान यांत फरक आहे, पण बिबट्याची आवड दोन्हीकडे तीच. पिढ्यान् पिढ्या ही चाळणी लागत गेली आणि जे उरलं ते गावठी कुत्रं.

घाट चढून पठारावर गेलं की चित्र पालटतं. तिथं नावाजलेल्या जाती भेटतात. लातूर, नांदेड, सोलापूर, सांगली या बाजूला उंच पायांचा, खोल छातीचा कारवान, आणि त्याचाच केसाळ भाऊबंद पश्मी. पूर्वी घोरपड्यांचं संस्थान असलेल्या आणि आता कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात मोडणाऱ्या मुधोळला या कुत्र्याला राजाश्रय मिळाला. मालोजीराव घोरपड्यांनी यातली जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली आणि मुधोळ हाउंड हे नाव जगभर गेलं. हा कुत्रा वासावर फारसा विसंबत नाही. लांबून हालचाल टिपायची आणि उघड्या माळावर सशाला किंवा काळविटाला पळून गाठायचं, यासाठी त्याची ठेवण आहे.

आता हाच कुत्रा कर्जतच्या खांडसजवळच्या रानात किंवा खालापूरच्या चौक परिसरातल्या खाचरांत सोडून पाहा. नजर पोचेल इतकं मोकळं रान इथं जवळपास नाही. बांध, ओढे, करवंदीच्या जाळ्या, कातळ आणि चढ. वेग घेण्याआधीच पाय मोडायचा. घाटावर जाती तयार झाल्या आणि घाटाखाली झाल्या नाहीत, याचं उत्तर बरंचसं या जमिनीत आहे. शिकारीच्या शौकापायी कुत्र्यांचे कळप पोसणारा राजा इथं नव्हता, सपाट माळ नव्हता. एका कामात तरबेज असलेला कुत्रा पोसायची ऐपत आणि गरज दोन्ही नव्हती. इथल्या कुत्र्याला कुळ मिळालं नाही, कारण त्याला सगळंच करावं लागलं.

महाराष्ट्रात मानाचे कुत्रे मात्र बरेच होऊन गेले. दायमाबादला १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला सापडलेल्या ताम्रपाषाणयुगीन ब्राँझ रथाच्या दांड्यावर कुत्रा उभा आहे, बैलांच्या मागे आणि सारथ्याच्या पुढे. खंडोबाच्या आणि दत्ताच्या पायाशी कुत्रे आहेतच. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघाची चाहूल देऊन त्याने धन्याचा जीव वाचवला, असं सांगतात. खुद्द रायगड किल्ल्यावरचं वाघ्याचं स्मारक १९३६ चं. त्यामागच्या कथेला समकालीन पुरावा नाही, त्यामुळे त्यावरून वाद पेटत आलेत. यांतल्या कुठल्याही कुत्र्याची जात कुणी विचारत नाही. कुत्रा ओळखला जायचा तो त्याच्या नावाने आणि त्याने केलेल्या कामाने.

कुत्र्याला कागदावरची जात लाभली ती इंग्लंडात. पहिलं नावाजलेलं श्वानप्रदर्शन न्यूकॅसलला जून १८५९ मध्ये भरलं. पॉइंटर आणि सेटर अशा दोनच प्रकारांचं. नेमक्या त्याच काळात खोपोली-खंडाळ्याच्या डोंगरात हजारो मजूर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे बोगदे फोडत होते. भोर घाटाची रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली आणि लंडनचा केनेल क्लब १८७३ मध्ये निघाला. रंग, उंची, शेपटीचा बाक, कानाची घडी, सगळं लिहून ठेवायचं आणि त्याबाहेरचं पिल्लू बाद करायचं, ही कल्पना आगबोटीने मुंबईला आणि रेल्वेने कर्जतला पोचायला फार काळ लागला नाही.

मुंबईचं कुत्र्यांशी नातं आधीच ताणलेलं होतं. शहरातली बेवारस कुत्री मारण्याच्या हुकमावरून जून १८३२ मध्ये मोठी दंगल झाली. तिच्यात पारशी समाज पुढे होता, कारण झोरोस्ट्रियन धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे आणि मृतदेहाला कुत्र्याचं दर्शन घडवण्याचा सगदीदचा विधी आहे. दर कुत्र्यामागे बक्षीस मिळतं म्हणून पकडणारे लोकांच्या घरात शिरून पाळीव कुत्रीही ओढून नेत, हीही तक्रार होती. मालकाचा कुत्रा आणि बिनमालकाचा कुत्रा ही सरकारी फाळणी शहरात तेव्हापासून रुजत गेली. खेड्यात ती कधी नीट लागू पडली नाही. वाडीवरचं कुत्रं दहा घरी भाकरतुकडा खातं आणि दहाही घरं राखतं, मग त्याचा मालक कोण म्हणायचा?

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौकला मुक्कामी असताना माथेरानचा डोंगर चढून गेले. कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, कुलाब्यात आला १८९१ मध्ये. त्या चढाईनंतर काही वर्षांतच माथेरानला गोऱ्या साहेबांचे आणि पारशी, बोहरी धनिकांचे बंगले उठले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली छोटी रेल्वे नेरळहून वर जाऊ लागली. आपल्याकडे गाडीच्या ब्रेकव्हानमध्ये कुत्र्यांसाठी पेटी असते, तिची रीत त्याच साहेबी जमान्यातली. साहेबाचा टेरिअर, साहेबाचा स्पॅनिअल डोंगरावर आला तो एक गोष्ट जाणून. ठाणे-मुंबईचा उन्हाळा विलायती कुत्र्याला सोसत नाही, त्याला घेऊन थंड हवेत जावं लागतं. एवढं शहाणपण त्या पिढीपाशी होतं.

पुढे बंगल्याच्या राखणीचा कुत्रा म्हणजे अल्सेशियन, असं समीकरण मराठी घरांत पक्कं बसलं. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ ही पाटी आणि आत साखळीला अल्सेशियन. या कुत्र्याचं मूळ बघितलं तर जीव हळहळतो. माक्स फॉन स्टेफानित्झ या जर्मन अधिकाऱ्याने १८९९ मध्ये मेंढपाळांचे कुत्रे निवडून ही जात बांधली. दिवसभर कळपाच्या कडेने धावायचं, मेंढी पिकात शिरू द्यायची नाही, धन्याच्या खुणेवर वळायचं, हे त्याचं काम. म्हणजे तो जर्मनीतला धनगरी कुत्राच. त्याला चार फूट साखळीला बांधून ठेवलं की त्याचं डोकं बिघडतं, आणि मग कुत्रा चावरा निघाला म्हणून लोक त्यालाच दोष देतात. बंगल्याच्या कुंपणाबाहेरून दर हिवाळ्यात घाट उतरून आलेली मेंढरं आणि त्यांची कुत्री जात राहिली. त्यांच्याकडे कुणी मान वळवून बघितलं नाही.

मुंबई पोलिसांचं श्वानपथक १९५९ मध्ये तीन डॉबरमनवर सुरू झालं आणि डॉबरमनचा दबदबा वाढला. लॅब्राडोरला मान मिळवून दिला तो जंजीरने. १९९३ च्या बाँबस्फोटांसाठीचं आरडीएक्स याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, शेखाडीला उतरवलं गेलं होतं. स्फोटांनंतरच्या शोधात मुंबई पोलिसांच्या या लॅब्राडोरने ३,३२९ किलो आरडीएक्स हुंगून काढलं. २००० मध्ये तो गेला तेव्हा त्याला सरकारी इतमामाने निरोप देण्यात आला. जंजीरच्या नाकाला शिकवणीची आणि रोजच्या कामाची जोड होती, हे मात्र घरोघरी लॅब्राडोर आणणारे विसरले. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंड पाण्यात उतरणाऱ्या कुत्र्यांचा हा वंशज. त्याला चालवलं नाही आणि वाटीभर जास्त वाढलं की तो वर्षभरात पिंपासारखा होतो.

मग सिनेमा आणि जाहिराती आल्या. ‘हम आपके हैं कौन’ १९९४ मध्ये लागला आणि त्यातल्या टफी या कुत्र्यामुळे पांढऱ्या केसाळ स्पिट्झची, आपल्याकडे ज्याला सरसकट पामेरियन म्हटलं त्याची, चाळीचाळींतून मागणी झाली. २००३ च्या सुमाराला हच मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे चालणारा पग दिसला आणि पगच्या पिल्लांचे भाव चढले. स्पिट्झ बिचारा इथल्या हवेत बराच तगला. पगचं तसं नाही. चिनी दरबारात मांडीवर बसण्यासाठी घडवलेल्या या कुत्र्याचं नाक इतकं आत दबलेलं असतं की त्याला धाप टाकून अंग गार करता येत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून जोरजोराने श्वास घेणं हाच त्याचा मुख्य उपाय. माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यावरच सोडावी लागते. तिथून बाजारापर्यंतची लाल मातीची वाट मे महिन्याच्या दुपारी पगला चालवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि खालापूर, चौक, खोपोली, कर्जत ही नावं जमिनीच्या जाहिरातींत आली. भाताच्या खाचरांवर फार्महाऊस उठली. मोकळी जागा आहे, मग मोठा कुत्रा हवा, असं नव्या मालकाला वाटलं. मोठा म्हणजे सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन. देखणा म्हणजे हस्की. जागा मोठी हे खरं, पण कुत्र्याला जागेइतकीच हवा लागते. सेंट बर्नार्ड घडला तो आल्प्समधल्या २,४६९ मीटर उंचीच्या बर्फाळ खिंडीतल्या मठात. कर्जतचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो. नंतर जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, कर्जतला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि माथेरानला पाच हजारांच्या घरात. हस्कीचे कातडीलगतचे दाट लोकरीसारखे केस एकदा भिजले की आतून वाळत नाहीत. चार महिने तो ओलसरच असतो. मग बुरशी, खाज, कानांत पू. पाऊस उघडला की गवतातले गोचीड केसांच्या मुळाशी जाऊन बसतात, बोटांनी चाचपल्याशिवाय सापडत नाहीत, आणि त्यांच्यापासून येणारा ताप रक्त खाऊन टाकतो.

शेजारच्या ओटीवरचं गावठी कुत्रं मुसळधारेतून येतं, दारातच अंग झाडतं आणि चुलीच्या राखेपाशी वेटोळं करून बसतं. थोड्या वेळात खडखडीत. त्याच्या आखूड केसांत गोचीड लपत नाही, दुरूनही दिसतो.

खाण्याचीही अशीच कथा. २०१३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या एका संशोधनाने दाखवलं की लांडग्याचा कुत्रा होताना पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढत गेल्या. पुढच्या अभ्यासात असं निघालं की जिथं शेती जुनी तिथल्या कुत्र्यांत या प्रती भरपूर, आणि हस्कीसारख्या उत्तरेकडच्या, शेती नसलेल्या मुलखातल्या कुत्र्यांत कमी. भाताच्या देशातलं कुत्रं भातावर आणि सुकटीवर तकतकीत राहतं ते उगाच नव्हे.

आणि इथं सगळ्यात मोठा प्रश्न येतो, तो माणसाचा. फार्महाऊसचा मालक शुक्रवारी रात्री येतो, रविवारी संध्याकाळी जातो. मधले पाच दिवस कुत्रा राखणदाराकडे असतो. तो राखणदार बहुतेकदा जवळच्याच वाडीवरचा, ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या कुत्री नांदली आहेत. कुत्र्याला खायला घालतो तो, गोचीड काढतो तो, साप निघाला तर धावतो तो. कुत्रा त्यालाच धनी मानतो, यात नवल नाही. तरी कुठला कुत्रा आणायचा हे ठरवताना त्याला कुणी विचारत नाही. त्याने काम सोडलं किंवा बंगला विकला गेला, की अडीच मण वजनाचा, महिन्याला हजारोंचं खाद्य खाणारा कुत्रा कुणालाच परवडत नाही. मग हमरस्त्याच्या कडेला भांबावलेलं परदेशी जातीचं कुत्रं दिसतं. ज्याच्या पूर्वजांनी दोनशे वर्षांत एकदाही स्वतःचं पोट स्वतः भरलेलं नाही, त्याला रस्त्यावर सोडणं ही क्रूरता आहे. तिला दुसरा शब्द नाही.

सरकारनेही मधे पडून पाहिलं. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांवर २०१७ मध्ये नियम आले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींना धोकादायक ठरवून त्यांच्या पाळण्या-विकण्यावर बंदी आणणारं परिपत्रक काढलं, रॉटवायलर आणि पिटबुल त्यात होते. महिन्याभरातच कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. जातींची यादी करून प्रश्न सुटत नाही. पाच दिवस कुंपणाआड एकटा राहिलेला कुठलाही दणकट कुत्रा धोक्याचा होऊ शकतो.

गावठी कुत्र्याची बाजू घेताना त्याचा दात लागण्याची भीती लपवून चालणार नाही. पिसाळलेल्या कुत्र्याने घरं उद्ध्वस्त केल्याच्या आठवणी वाडीवाडीवर आहेत. देशातली पहिली पाश्चर संस्था १९०० मध्ये कसौलीला निघाली. कर्जतच्या कातकऱ्याला कसौली आणि विलायत सारखीच लांब. तिथंच डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये तयार केलेली लस पुढे देशभर पोचली आणि ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ हा शब्दप्रयोग मराठी बालपणाचा धाकदपटशा बनला. ही जुनी लस भारतात २००४ अखेरपर्यंत बनत होती. आता दंडात घ्यायच्या मोजक्या सुया पुरतात. वाडीवरच्या कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली तर माणसांवर ती वेळच येणार नाही. कुत्र्याच्या जातीवर खर्च करणाऱ्या बंगलेवाल्यांनी आपल्या शेजारच्या वाडीतल्या दहा कुत्र्यांची लस आणि नसबंदी उचलली, तर त्या पैशाचं सोनं होईल.

देशी कुत्र्यांची कदर करणारे अभ्यासक आपल्याकडे अधूनमधून झाले. डब्ल्यू. व्ही. सोमण यांचं भारतीय कुत्र्यांवरचं इंग्रजी पुस्तक मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने १९६३ मध्येच काढलं होतं. टपाल खात्याने २००५ मध्ये मुधोळ, रामपूर, राजपालयम आणि हिमालयन शीपडॉग यांची तिकिटं काढली. पण हा सगळा मान नाव असलेल्या जातींचा. गावठी कुत्र्याकडे जगाचं लक्ष गेलं ते जनुकशास्त्रामुळे. २०१५ मध्ये ३८ देशांतल्या ५४९ गावकुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दक्षिण अमेरिकेतली गावकुत्री जवळजवळ सगळी युरोपीय कुत्र्यांची संतती निघाली. भारतातल्या कुत्र्यांत मात्र युरोपीय मिसळ अगदी किरकोळ सापडली. साहेबाच्या दीडशे वर्षांच्या राज्यानेही त्यांचं रक्त फारसं बदललं नाही. जे साहेबाला जमलं नाही ते फार्महाऊसच्या पट्ट्यात आता घडताना दिसतं. पडक्या कानांची, झुबकेदार शेपटीची पिल्लं वाड्यांवर दिसू लागली आहेत.

धनगरी कुत्र्याची मोजदाद तर तातडीने व्हायला हवी. मुधोळ, राजपालयम आणि चिप्पीपराई यांना राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अधिकृत जाती म्हणून नोंदवलं. २०२५ मध्ये हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यालाही तो मान मिळाला. सह्याद्रीत दरवर्षी घाट उतरणारा कुत्रा त्याच तोलाचा आहे, आणि धनगरांचे वाडे कमी होत चाललेत. चराऊ रानं कुंपणात गेली, खाचरात युरिया आला, मेंढ्या बसवायला बोलावणारा शेतकरी उरला नाही, की कुत्रंही संपेल.

ज्याला या मुलखात कुत्रा हवा आहे त्याने पंचांगाकडे बघावं. परदेशी जातीची कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते, गावठी बहुधा एकदाच, भाद्रपदात. त्रेसष्ट दिवसांनी, कार्तिक-मार्गशीर्षात, पेंढ्याच्या गंजीखाली पिल्लं होतात. दोन महिने ती आईपाशी राहू द्यावीत, म्हणजे दातांचा जोर किती लावायचा हे ती भावंडांकडून शिकतात. जानेवारी-फेब्रुवारीत वाडीवर जाऊन बघावं, आणि राखणदाराच्या घरच्यांना बरोबर न्यावं. कोणतं पिल्लू चुलीपाशी येतं, कोणतं अनोळखी माणसापासून लांब राहून भुंकतं, आई शेरडांत कशी वावरते, हे त्यांना बरोबर दिसतं. सहा-आठ आठवड्यांची झाली की पार्वो आणि डिस्टेंपरची लस, तीन महिन्यांची झाली की रेबीजची. लेप्टोचे दोन्ही डोस पाऊस लागायच्या आत पुरे करायचे, कारण आषाढात खाचरं तुंबली की उंदरांच्या मुतातून ती लागण आधी कुत्र्यांना होते आणि मग चिखलात उतरणाऱ्या माणसांना.